वाळताना कातडं फॉर्मवरून सुटतं, ‘ढोल’ धरतं: गोंद बदलण्याआधी काय तपासावं

माउंट करून, म्हणजे प्राण्याचं कमावलेलं (टॅन केलेलं) कातडं फॉर्मवर, फोम वगैरेच्या शरीराकृतीवर, चढवून आठवडा उलटला आहे. बोकडाचं डोकं भिंतीवर लावण्याजोगं दिसतंय, डोळे नीट बसलेत, कान उभे आहेत, नाकपुड्यांची कड शाबूत आहे. नवव्या दिवशी सकाळच्या उजेडात बघावं तर डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याखाली जिथे खळगा हवा, तिथे कातडं सपाट. नखाने टकटक केली की कपाळावर ‘ठक’ असा भरीव आवाज येतो आणि त्या जागी ‘टप’. आत हवा आहे. कातडं फॉर्मवरून सुटलंय.

आम्ही याला ‘ढोल धरला’ म्हणतो. नाव अगदी बरोबर आहे, कारण कारणही तेच आहे. ढोलकीचा पुडा ओला असताना बांधतात आणि वाळला की तो आपोआप ताठ होतो. ओलं कातडं वाळताना आकसतं, आणि आकसताना दोन उंचवट्यांमधला सगळ्यात जवळचा रस्ता धरतं. खळग्याच्या तळाशी जाणारा वाकडा रस्ता त्याला नको असतो. म्हणून ढोल नेहमी त्याच त्या जागी धरतो: डोळ्याचा पुढचा कोपरा, गालाखालचा खळगा, कानाच्या मुळाशी, काखेत, कुशीच्या खोलगटात आणि मांडीच्या स्नायूंमधल्या रेषेत. पाठीवर किंवा कपाळावर सहसा होत नाही, कारण तिथे कातडं आकसलं तरी फॉर्मला आणखी घट्ट कवटाळतं.

मी पनवेलला हे टॅक्सिडर्मीचं, म्हणजे मेलेले प्राणी हुबेहूब जतन करण्याचं, काम करते. बोकड, कुत्री, मांजरं, कोंबड्या करते, आणि महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागातले जुने नमुने दुरुस्तीला येतात. शिकणारी मुलं फोटो पाठवतात आणि विचारतात, “ताई, कोणता गोंद वापरू?” मी उलट विचारते, “सुटलेल्या जागी आत काय दिसलं?” बहुतेकांनी उघडून पाहिलेलंच नसतं. एक डबा बाजूला ठेवून दुसरा आणलेला असतो, आणि पुढच्या माउंटला पुन्हा तीच जागा सुटते.

उघडून बघा, गोंद कुणाकडे राहिलाय

सुटलेल्या जागेच्या कडेने, शक्यतो शिवणीतून किंवा पापणीच्या आतून, धारदार पात्याने बोटभर फट करा. बॅटरीचा उजेड पाडा. आत चार प्रकारची दृश्यं दिसू शकतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

गोंदाचा थर फॉर्मवर जसाच्या तसा आणि कातड्याची मांसल बाजू कोरी, तर दोष कातड्याकडे आहे. चर्बी राहिली, पापुद्रा निघाला नव्हता, टॅनिंगनंतरचं तेल वर सुटलं होतं, किंवा कातडं नको तितकं ओलं होतं. गोंदाने फॉर्म धरला, पण कातड्यावर पकडायला त्याला जागा मिळाली नाही.

गोंद कातड्याला चिकटून वर आलाय आणि फॉर्म खाली चकचकीत, तर दोष फॉर्मच्या पृष्ठभागाचा. साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेन फोमला वरून एक गुळगुळीत साल असते, आणि साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं मेणही तिच्यावर उरलेलं असतं. खरखरीत कानस किंवा तारेचा ब्रश घेऊन सगळा फॉर्म घासा, एकही चकाकता ठिपका राहू देऊ नका. उजेड तिरका पाडलात की राहिलेले ठिपके लगेच दिसतात. मग धूळ झटका आणि ओल्या फडक्याने पुसा. ही धूळ पुसायचं बरेच जण विसरतात, आणि मग गोंद फॉर्मला न चिकटता भुशाला चिकटतो.

गोंद मधोमध फाटलाय, अर्धा वर, अर्धा खाली, तर थर जाड होता किंवा वाळण्याआधीच त्याच्यावर ओढ आली. इथे गोंदाची निवड चुकलेली असू शकते, पण प्रमाण चुकलेलं असण्याची शक्यता जास्त.

चौथं दृश्य मी स्वतः तीन वेळा पाहिलं आणि तीनही वेळा मला ते ओळखता आलं नाही.

टाकणखार आणि पांढरा गोंद

एका कुटुंबाचा लॅब्रडोर होता. तेरा वर्षांचा होऊन गेला. त्यांनी तो माझ्यावर विश्वासाने सोपवला होता. त्याचा डावा गाल सुटला. उघडून बसवला, परत सुटला. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा आत वाळलेला गोंद नव्हता. पांढरट, रबरासारखी गुठळी होती. चिमट्याने ओढली तर लांब व्हायची आणि सोडली की हळूहळू बसायची. फॉर्मलाही चिकटलेली नाही, कातड्यालाही नाही. मला वाटलं, डबा जुना झाला असेल. नवा आणला.

उलगडा झाला तो बहिणीच्या घरी. भाची स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्लाइम बनवत होती. वाटीत पांढरा गोंद, त्यात टाकणखाराचं पाणी. चमच्याने ढवळताच वाटीतला गोंद एका गोळ्यात जमा झाला. तिने तो बोटांवर घेऊन ओढला आणि मी बघतच राहिले. हीच माझ्या लॅब्रडोरच्या गालातली गुठळी.

सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात पॉलिव्हिनाइल ऍसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलेलं असतं. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, पाण्यात विरघळला की बोरेट देतो आणि ते बोरेट या अल्कोहोलच्या साखळ्यांना आडवे टाके घालतं. पातळ गोंदाची तिथल्या तिथे जेली होते. कातड्याच्या तंतूंत शिरण्याआधीच तो गोठतो. मी कीड लागू नये म्हणून मांसल बाजूला टाकणखार भरपूर चोळत होते आणि त्यावर पांढरा गोंद लावत होते. गोंदाचा डबा कितीही चांगला आणला असता तरी हेच झालं असतं.

आता यातली खरी गंमत बघा. हाच टाकणखार डेक्स्ट्रिनच्या (भाजलेल्या स्टार्चच्या) खळीत घातला तर खळ जास्त चिकट होते. डेक्स्ट्रिनच्या गोंदात तो मुद्दाम घालतातच. म्हणजे एकच पांढरी पूड एका गोंदाला मारते आणि दुसऱ्याला बळ देते. जुन्या पद्धतीने टाकणखार आणि खळ वापरणाऱ्यांना हा त्रास कधी झाला नाही, आणि आपण खळीच्या जागी सरळ पांढरा गोंद आणला तिथे घोटाळा झाला.

पांढराच गोंद वापरायचा असेल तर कातड्याला टाकणखार लावू नका. कॅरमवर टाकतात तशी बोरिक पावडर किडीसाठी चालते. ती सौम्य आम्ल आहे आणि आम्लात हे आडवे टाके जवळपास पडत नाहीत. तरी खात्री करून घ्या: कातड्याची एक कातरण घ्या, तुम्ही लावता तेच सगळं तिला लावा, त्यावर थेंबभर गोंद टाकून बोटाने चोळा. मिनिटभरात रबरासारखं जमलं तर ती जोडी सोडून द्या. नवीन डबा उघडला की हा प्रयोग मी आजही करते.

असंच एक भांडण रबराच्या चिकाचं आणि आम्लाचं आहे. काही तयार पेस्टमध्ये लेटेक्स असतो. लेटेक्स पातळ राहावा म्हणून त्यात अमोनिया घालतात, आणि आम्ल लागलं की तो फाटतो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत. झाडाचा चीक ट्रेमध्ये ओतून त्यात फॉर्मिक आम्ल टाकतात आणि त्याची लादी जमते, तीच ही क्रिया. पिकलमधून (मीठ-आम्लाच्या पाण्यातून) काढलेल्या कातड्याचा पीएच दोनच्या आसपास असतो. खायच्या सोड्याच्या पाण्यात ते नीट उदासीन केलं नाही आणि त्यावर लेटेक्सची पेस्ट लावली, तर पेस्ट कातड्यावर दाणेदार होते, लापशीसारखी. पीएच पट्टी कातड्याच्या जाड भागाच्या कापलेल्या कडेवर दाबून बघा. साडेचार-पाचच्या आसपास यायला हवा. वरवर बघून कळत नाही, कारण पृष्ठभाग आधी उदासीन होतो आणि मानेच्या जाड भागात आत आम्ल तसंच बसलेलं असतं.

पाणी जाणार कुठे?

ढोल धरण्याची निम्मी प्रकरणं इथे सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डेक्स्ट्रिनची खळ, पांढरा गोंद, लेटेक्स, या सगळ्यांत पाणी असतं आणि ते निघून गेल्यावरच त्यांची पकड तयार होते. पेंढा-काथ्या गुंडाळून केलेल्या शरीरात पाणी आतल्या बाजूलाही मुरतं. फोम पाणी पीत नाही. म्हणजे गोंदातलं सगळं पाणी आणि कातड्यातलं सगळं पाणी एकाच वाटेने बाहेर पडणार, कातड्यातून, केसांच्या मुळांमधून. कातडं बाहेरून आत वाळत येतं. बाहेरचा थर आकसायला लागतो तेव्हा आतला गोंद अजून ओलाच असतो. ओढ सुरू झाली आहे आणि पकड अजून आलेलीच नाही. ढोल त्या दोन-चार दिवसांत धरतो. आपल्याला दिसतो नंतर.

हे समजलं की उपाय आपोआप सुचतात. कातडं माउंट करताना कमीत कमी ओलं असावं, आणि गोंदाचा थर पातळ असावा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चर्मकार काका बसायचे. मी सुरुवातीला त्यांच्याकडे दाभण आणि मेणाचा दोरा आणायला जायचे. एकदा ओलंगच्च कातडं पिशवीत घेऊन त्यांना दाखवायला गेले, तर हात लावून म्हणाले, “पोरी, ह्याचं पोट पाण्यानं भरलंय. गोंद प्यायला जागा कुठाय?” त्यांना फोम माहीत नव्हता, पण कातडं माहीत होतं.

किती ओलं? पिळून दोरीवर टाकलेला सुती कपडा तासाभराने हाताला लागतो तसं. गार लागतं, लवचीक असतं, पण मांसल बाजू आतल्या बाजूने दुमडून चिमटीत जोरात दाबली तरी पाण्याचा मणी दिसत नाही. मी कातडं जुन्या टॉवेलांत गुंडाळून दाबते, टॉवेल बदलून पुन्हा दाबते, मग मांसल बाजू वर करून पंख्याखाली थोडा वेळ ठेवते. कान, ओठ आणि पापण्या तेवढ्या वेळात कडक होतात, म्हणून त्यांच्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचं.

आणि किती गोंद? पोळीला तूप लावतो तितका. सगळीकडे लागलेला, कुठेही साचलेला नाही. खळ घट्ट बासुंदीइतकी दाट असावी, ब्रशच्या रेघा उमटाव्यात पण खाली ओघळू नये. खळग्यांमध्ये मात्र मी फॉर्मलाही लावते आणि कातड्याच्या मांसल बाजूलाही बोटाने चोळते, म्हणजे तंतूंत शिरतो. लोक उलट करतात: खळग्यात जास्तीचा गोंद भरतात, सुटणारी जागा म्हणून. तिथेच पाणी सगळ्यात जास्त दिवस राहतं आणि तीच जागा सुटते.

कातडं जाड राहिलं तर कोणताही गोंद हरतो

बोकडाच्या मानेचं कातडं आणि गालाचं कातडं यांच्या जाडीत मोठा फरक असतो. जाड कातड्याची आकसण्याची ताकद जास्त. डोळ्याभोवती, नाकाजवळ, ओठांच्या कडेला आणि जिथे जिथे खळगा आहे तिथे ते तासून पातळ करावं लागतं. केसांची मुळं निळसर ठिपक्यांसारखी दिसायला लागली की थांबा. त्यापुढे गेलात तर केस हातात येतील. उस्मानाबादी काळ्या बोकडावर हे ठिपके स्पष्ट दिसतात, म्हणून शिकणाऱ्यांना मी तोच आणायला सांगते. खाटिकाला आधीच सांगून ठेवलं तर डोकं आणि मान अखंड ठेवून देतो.

नुसतं मीठ-तुरटी लावून वाळवलेलं कातडं नीट टॅन केलेल्या कातड्यापेक्षा बरंच जास्त आकसतं. घाईत तुरटीवर काम भागवलं असेल आणि ढोल धरत असेल, तर गोंदाकडे बघूच नका.

हेअर ड्रायरबद्दलही इथेच सांगते. ओलं कच्चं कातडं साधारण ६० ते ६५ अंशांच्या पुढे तापलं की त्यातला कोलॅजन एकदम गोळा होतो, आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. क्रोम टॅनिंग केलेलं कातडं उकळत्या पाण्यातही टिकतं, पण आपली माउंटची कातडी बहुतेक तशी टॅन केलेली नसतात. गालाचा कोपरा लवकर वाळावा म्हणून ड्रायर जवळ धरलात तर कातडं तिथे चुणी पडून कायमचं कडक होईल. हॉट ग्लू गनचंही तेच. त्याची धार शंभर अंशांच्या बरीच वर असते, ओल्या कातड्याला ती लावू नये.

फॉर्म मोठा, कातडं लहान

माप बसत नसताना ओढून ताणून शिवलेलं कातडं पहिल्या दोन दिवसांतच ढोल धरतं. लक्षण सोपं आहे: शिवणीचे टाके उभे ताणलेले दिसतात आणि खळगे सगळीकडे एकाच वेळी उठतात. फॉर्म तासा. कातडं फॉर्मवर गोंदाशिवाय चढवून बघा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, काखेत बोटाने आत दाबलं तर कातडं विनातक्रार तळापर्यंत जातं का ते पाहा. जात नसेल तर गोंद उघडू नका. थोडं ढिलं असलेलं कातडं चालतं. ते सगळं खळग्यांकडे सरकवत न्यायचं, कारण आकसताना लागणारी ढील तिथेच शिल्लक हवी.

मग गोंद कोणता?

शरीराच्या मोठ्या भागासाठी माझी पसंती डेक्स्ट्रिनच्या खळीला आहे. डेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च आम्लाच्या साथीने भाजून केलेली पिवळसर पूड. कागदी नळ्या आणि पाकिटं यांच्याच गोंदात असते ती. ती कातड्याखाली बराच वेळ निसरडी राहते, त्यामुळे कातडं सरकवून केसांची दिशा आणि शिवण जुळवता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चुकलं तर ओलाव्याने ती सोडवता येते. दुरुस्त करता येईल असाच गोंद मोठ्या भागावर असावा, या मतावर मी ठाम आहे. खळीचा दोष म्हणजे ती अन्न आहे. बुरशीला, झुरळाला, कसरीला, सगळ्यांना आवडते. टाकणखार किंवा बोरिक पावडर घातल्याशिवाय ती आपल्या हवेत वापरू नका, आणि उरलेली खळ दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवू नका.

पांढरा गोंद वाळल्यावर चिवट असतो आणि किडीला खळीइतका आवडत नाही, पण सतत ओढ राहिली तर तो हळूहळू सरकतो. कातडं नीट पातळ केलेलं असेल तर चालतो.

कान, पापण्यांची कड, नाकपुड्या, ओठांच्या आतली घडी इथे दोन भागांचा इपॉक्सी. या जागा पातळ असतात, लवकर वाळतात, आणि तिथे पाणी निघून जाण्याची वाट बघायला वेळ नसतो. इपॉक्सी पाणी जाऊन घट्ट होत नाही, रेझिन आणि हार्डनर यांच्या क्रियेने होतो. दमट पृष्ठभागावर चालणारा आहे का ते डब्यावर वाचून घ्या. पाच मिनिटांत बसणाऱ्यापेक्षा सावकाश बसणारा सहसा जास्त टिकाऊ असतो, आणि कानाची कड जुळवायला वेळही देतो. प्रमाण डोळ्याने मोजू नका. हार्डनर जास्त घातल्याने तो लवकर बसत नाही, मऊच राहतो. हातमोजे घाला, हार्डनरची ऍलर्जी एकदा लागली की आयुष्यभर राहते.

कानाच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर घालत असाल आणि कान सुटत असेल, तर अस्तर कशाचं आहे ते बघा. पॉलिथिनवर कुठलाच गोंद नीट धरत नाही, तो सालीसारखा निघून येतो. पॉलिश पेपरने घासून थोडा फरक पडतो, पण अस्तर बदलणं बरं. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांकडची पॉलिएस्टर लांबीही (पुट्टी) कानात भरता येते. मात्र फॉर्म थर्माकोलचा असेल तर तिचा स्पर्श होऊ देऊ नका, त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो. चपलेला लावतात त्या सोल्यूशनचंही तसंच: थर्माकोल खातं, ओल्या कातड्यावर धरत नाही, आणि एकदा टेकलं की सरकवता येत नाही. इपॉक्सी थर्माकोलला काही करत नाही.

सायनोऍक्रिलेटचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या नळीचा उपयोग शेवटी, सुकलेल्या पापणीची कड एखाद्या ठिकाणी उचलली असेल तर. काळ्या केसांजवळ जपून. त्याची वाफ पांढरा थर सोडते.

पक्ष्यांबद्दल दोनच वाक्यं. त्यांचं कातडं पातळ असतं आणि पिसांनी झाकलेलं, ढोल धरला तरी दिसत नाही. तिथे गोंदापेक्षा चर्बी काढणं महत्त्वाचं, बदकाला तर फारच.

टाचण्या, पुठ्ठा आणि पहिले दहा दिवस

गोंदाला पकड येईपर्यंत कातडं खळग्यात धरून ठेवायचं काम टाचण्यांचं. नुसती टाचणी टोचली तर कातडं तिच्याभोवती तंबूसारखं उठतं. जाड पुठ्ठ्याची बोटभर पट्टी खळग्याच्या आकारात कापा, मेणकापडात गुंडाळा म्हणजे गोंदाला चिकटणार नाही, ती केसांवर ठेवा आणि तिच्यातून टाचण्या तिरक्या मारा, एक डावीकडे झुकलेली, एक उजवीकडे. पितळी किंवा स्टेनलेस टाचण्या घ्या. लोखंडी टाचणीचा गंज पांढऱ्या केसांवर उतरला तर निघत नाही.

पंखा माउंटवर सरळ सोडू नका. खोलीत हवा खेळती ठेवा, बस. मे महिन्यात माझी तक्रार वेगळी असते: कानाची टोकं आणि ओठ एका दिवसात कडक होतात आणि मान आठवडाभर ओली राहते. टोकांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवून त्यांना मागे ठेवावं लागतं. पावसाळ्यात उलट, हवेतच ८०-९० टक्के आर्द्रता, काहीच वाळत नाही आणि पाचव्या दिवशी शिवणीला बुरशीचा वास येतो. जुलै-ऑगस्टमध्ये एसी किंवा ओलावा खेचणारं यंत्र नसेल तर जाड कातड्याचं काम हातात घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते.

पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक खळगा बोटाने दाबायचा. उचललेला वाटला तर तिथेच, त्याच क्षणी दाबून टाचणी वाढवायची. दुसऱ्या दिवशी ते कातडं तुमचं ऐकणार नाही.

सुटलेलं परत बसवताना

वाळलेलं कातडं तसंच दाबलं तर चिरतं. कापूस कोमट पाण्यात भिजवून पिळा, सुटलेल्या जागेवर ठेवा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा आणि रात्रभर सोडा. सकाळी बोटाने दाबल्यावर कातडं तळापर्यंत गेलं पाहिजे. नाही गेलं तर कापूस बदलून आणखी एक रात्र. मग फट उघडा, आतला जुना गोंद खरवडून काढा. गुठळी असेल तर पूर्ण निघेपर्यंत, कारण नवा गोंद तिच्यावर धरत नाही. फॉर्मचा तो भाग पॉलिश पेपरने घासा. जागा आडवळणी असेल तर जाड सुईच्या सिरिंजने गोंद सोडा. इथे मी सावकाश बसणारा इपॉक्सीच वापरते, कारण परत भिजवलेल्या कातड्याखाली पाण्याचा गोंद घालणं म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसावर येणं. पट्टी, टाचण्या, आणि निदान दोन आठवडे हात लावायचा नाही.

लॅब्रडोरचा गाल चौथ्या वेळी असाच बसवला. मांसल बाजूचा टाकणखार आधी ओल्या स्पंजने तीनदा पुसून काढला.

महिन्यांनी सुटलं तर

माउंट मेमध्ये ठणठणीत होतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात शिवण उघडली, अशी प्रकरणं दरवर्षी येतात. पावसाळ्यात कातडं आणि खळ दोन्ही ओलावा घेतात, खळ मऊ होते, ऑक्टोबरात कातडं पुन्हा आकसतं. फट आतून भुसभुशीत आणि वास मारणारी असेल तर बुरशी. बारीक भुसा आणि अळीने टाकून दिलेली केसाळ टरफलं दिसली तर कातड्यातली कीड, आणि मग गोंदाआधी तिचा बंदोबस्त. बाथरूमच्या किंवा पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर माउंट लावू नका, मागे बोटभर जागा सोडा.

दुरुस्तीला जुना नमुना आला तर त्याला उघडण्याआधी थांबा. अठराव्या शतकात मेत्सच्या बेकर नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने आर्सेनिकचा साबण काढला, आणि पुढे जगभर कातडी त्यातच राखली गेली. आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांतले जुने नमुने त्याला अपवाद समजू नका. कोरडं घासणं नाही, ब्रशने झटकणं नाही, मास्क आणि हातमोजे, आणि खरवडलेलं सगळं पिशवीत बंद.

वन्य प्राणी मात्र कुणी कितीही ओळखीचं घेऊन आलं तरी घेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ते परवानगीशिवाय करता येत नाही. सापडलेला मेलेला साळिंदरसुद्धा नाही. त्यांचं काम वन विभागामार्फत होतं, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून त्यासाठीच केंद्र आहे.

फोटो पाठवायचा असेल तर उघडलेल्या फटीचा पाठवा, दोन्ही बाजू दिसतील असा. सोबत एवढं लिहा: कितव्या दिवशी सुटलं, कातडं कशाने टॅन केलं, फॉर्म कशाचा, आणि मांसल बाजूला काय काय चोळलं होतं.